पाव व्होल्ट खाली

माझ्या थोरल्या साडूंची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या लग्नाच्या बोलणीच्या दिवशी. बोलणी त्यांच्याच घरी होती. जिन्यातच मला वाटलं, घर कोसळतंय आणि आपण ऐन वेळेवर आलोय. वरून येणारा आवाज पडसं झालेल्या हत्तीने विमानाच्या पंख्यात शिंकावं तसा होता. दार एका किरकोळ अंगाच्या माणसाने उघडलं. त्याने नावगाव विचारलं नाही. "हे जरा धरा," म्हणून एक वायर माझ्या हातात दिली आणि आत निघून गेला. मी पाऊण तास ती धरून उभा होतो. जावई आज्ञाधारक आहे, असं सासऱ्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

साडूंचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. काटा खोलायचा, रिकामा असताना शून्य दाखवतो का बघायचं, नसेल तर दाखवायला लावायचं आणि शेवटी तारेत शिशाचा मणी ओवून पकडीने दाबून सील करायचं. केलेलं सील विनाकारण तोडणारा माणूस त्यांच्या लेखी खुन्याच्या एकच पायरी खाली.

उरलेल्या वेळात ते सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं यंत्र, बांधत. दुकानात मिळतो तसला नव्हे. पत्र्याच्या एकेक डबीत हाताने जोडलेलं सर्किट आणि डब्यांमध्ये वायरींचं असं जाळं, की कोळ्याने बघून राजीनामा द्यावा. एक डबी दुसरीला विजेच्या भाषेत सांगते, सूर किती उंच लाव. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. थोडक्यात, साडूंच्या मते गाणं हेही वजनच. माझी बायको याला 'भाऊजींचा आजार' म्हणायची.

मग खरा आजार आला तो ताईंना. ताई म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. वीस वर्षं गायनमंडळात पुढच्या रांगेत उभ्या राहून गायलेल्या. गळ्याचं ऑपरेशन झालं, गाठ साधीच निघाली, पण आवाज खाली उतरला. मंडळ म्हणालं, तीन महिने जागा राखून ठेवू. ताई म्हणाल्या, नावच काढून टाका. घरात गुणगुणणंसुद्धा थांबलं. साडूंनी नाव काढू दिलं नाही आणि सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

ताईंच्या आवडीची एक चाल त्यांनी व्होल्टेजच्या पायऱ्यांत बसवली. मग एक बेरीज करणारी डबी बांधली. एका भोकातून चाल आत जाणार, दुसऱ्यातून सुराला किंचित कंप देणारं डुलतं व्होल्टेज, आणि बाजूला एक गोल बटण. ते फिरवलं की बेरजेत ठरावीक व्होल्टेज मिसळतं किंवा वजा होतं. चाल तीच, सुरांतली अंतरं तीच, फक्त सगळी वरात जिना उतरून खाली उभी. मी म्हणालो, बाजारात कीबोर्ड मिळतो, बटण दाबलं की पट्टी बदलते. साडू म्हणाले, त्याला पायऱ्या असतात, हिचा आवाज दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकलाय.

पहिल्या दिवशी चाल डोक्यावर उभी राहिली. चढायची तिथे उतरू लागली. बेरीज करणारी चिप उत्तर उलट्या चिन्हाने देते, ते सुलट करायला दुसरी चिप लागते, आणि साडू नेमकी तीच विसरले होते. ऑपरेशननंतर ताई पहिल्यांदा हसल्या त्या तेव्हा.

रविवारी चाल पायांवर आली. ताई गात होत्या, साडू मीटरवर डोळा ठेवून बटण केसभर फिरवत होते. पाव व्होल्ट खाली, त्याहून किंचित खाली, आणि आवाज यंत्रात असा मिसळला की मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. ताईंनी सबंध कडवं म्हटलं. साडूंनी डोळे पुसले असावेत. नक्की सांगता येत नाही, कारण ते लगेच पाठमोरे झाले आणि तीस वर्षांच्या सवयीने बटणात तार ओवून शिशाचं सील मारून मोकळे झाले.

सोमवारी सकाळी ताईंचा आवाज आणखी खाली होता, संध्याकाळी जरा वर. यंत्र मात्र रविवारीच उभं. दोन दिवस ताईंनी ओढाताण केली, तिसऱ्या दिवशी तोंड मिटलं. साडूंनी मीटर लावून पाहिलं आणि माझ्यादेखत त्यांना सांगितलं, की यंत्र अगदी बरोबर आहे, तूच हलतेस.

"अहो, मी काय वजनकाटा आहे?" ताई म्हणाल्या. "रोज जागच्या जागी कशी राहू?"

साडूंनी मीटर काढून बाजूला ठेवला. मग त्यांनी पक्कड मागितली, मी दिली. सील तुटायला एक क्षण लागला. त्यांनी डबी उचलली आणि टेबलाच्या पलीकडे, ताईंच्या हाताशी ठेवली.

"शून्य तुझं तू लाव," म्हणाले. "बेरीज मी बघतो."

त्यानंतर ताई रोज सकाळी आधी बटण फिरवायच्या आणि मग गायच्या. कधी सूर जमायचा, कधी नाही. तीन महिने संपायच्या आठवड्यात त्यांनी मंडळात गाऊन दाखवलं. मंडळाने त्यांना घेतलं, खालच्या आवाजांच्या शेवटच्या रांगेत, खांबाआड. तिथे साथीला पियानो असतो, त्याची पट्टी हलत नाही; ताईच जुळवून घेतात. यंत्र आता कोणी लावत नाही, आणि त्यातला ट्रान्सफॉर्मर साडूंनी गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या काट्यात बसवला.