विमानावरची काजळी

लातूरला एकटेच राहणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांकडं मी भाकऱ्या करायला जाते. ते पूर्वी हवाई दलात विमानं दुरुस्त करायचे. आता खिडकीशी बसून वीतभर लांबीचं एक लढाऊ विमान बनवतात. पंखावरचं ठिगळ, शेपटीवरचा आकडा, सगळं जुन्या फोटोशी ताडून बघतात. एक रेघ चुकली तरी खरवडून पुन्हा रंगवतात.

एकदा विमानाच्या बंदुकीच्या तोंडाशी काजळी दिसली, म्हणून मी ओलं फडकं घेतलं. त्यांनी ते ओढूनच घेतलं.

"पुसू नका, बाई. शेवटच्या दिवशी ती तशीच होती. पायलट साहेब म्हणले, पुसून घे. मी म्हणलं, परत आल्यावर पुसतो, साहेब."

"मग?"

"आले न्हाईत अजून."

'अजून' म्हणताना त्यांनी दाराकडं बघितलं.

परवा सकाळी गेले, तर ते विमान हातात घेऊन उभे होते. काजळीची जागा लख्ख होती.

"बाई, तुम्ही पुसलं?"

"न्हाई काका, देवाशप्पथ."

मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी विमान हळूच टेबलावर ठेवलं आणि शर्टाची वरची गुंडी लावली.

"मग तीन कप चहा ठेवा," ते म्हणाले.

मी तीन कप मांडले.