रुंद पातं

सातपुड्याच्या पायथ्याशी भरणाऱ्या आठवडी बाजारात मी विळी घ्यायला थांबले होते. बाकीची कामं उरकली होती आणि पाय भरून आले होते. लोहाराने पोत्यावर कोयते, विळे आणि एका कडेला बाणांची पाती मांडली होती. एक म्हातारा उकिडवा बसून पाती निवडत होता. शेतात घुसणाऱ्या रानडुकरासाठी त्याला रुंद पातं हवं होतं. रुंद जखमेने जनावर लवकर पडतं.

मागे त्याची बायको उभी होती. "पातं घेशील, पण धनुष्य कोण ओढणार? परवा घागर उचलताना खांदा धरून बसलास."

"हळू बोल. बाजार ऐकतोय."

"ऐकू दे. रुंद पात्याला ओढ जास्त लागते. ती कमी पडली तर हे अर्धंच रुतेल, आणि डुक्कर रात्रभर रानात कण्हत फिरेल."

म्हाताऱ्याने पातं अंगठ्याने पुसलं, जरा वेळ हातात धरलं आणि परत ठेवलं.

मी काम घेताना नेहमी कामाचाच आकार पाहिला. सासूबाईंचं आजारपण, शाळेचं संमेलन, नणंदेच्या घरचं लग्न, जे मोठं ते माझं. खांद्यात ओढ किती उरली आहे, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. अर्धी रुतलेली कितीतरी कामं अजून माझ्या घरात कण्हत फिरतात.

"यंदा काट्यांचं कुंपणच घालू," म्हातारा म्हणाला.

"मग कोयता बघ," बायको म्हणाली, आणि कोयते पाहायला त्याच्या शेजारी बसली.