देवीलालच्या गवतातला तणमोर

समजा, तुम्हाला दुसऱ्याच्या शेतात जाऊन एक दुर्मीळ पक्षी पाहायचा आहे. आधी मालकाला विचारायचं. गाडी डांबरी रस्त्यावरच सोडायची, मोबाइल मुका करायचा, भडक शर्ट घरी ठेवायचा आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसायचं. गवतात पाऊल टाकायचं नाही. जमेल? जमेल. आता समजा, त्या शेताचा मालक देवीलाल राठोड आहे.

फुलसावंगीजवळच्या तांड्यात मोबाइलची रेंज जिथे संपते, तिथून पुढे देवीलालचा आवाज लागतो. नाल्यापलीकडून कुणी जाताना दिसलं, की रामराम घालून कुठले, कुणाकडे, कपाशी कशी आहे, एवढं विचारल्याशिवाय त्याला जाऊ देणं देवीलालला माणुसकीला सोडून वाटतं. अशा माणसाच्या सोयाबीनशेजारच्या गवतात यंदा श्रावणात तणमोर उतरला. देशात मोजकेच उरलेले हे पाखरू. नर काळा, कोंबडीएवढा, डोक्यामागे तुरे. मादीने पाहावं म्हणून दिवसभर गवतातून वर उड्या मारतो.

दारव्ह्याचा पक्षिमित्र अक्षय हात जोडून म्हणाला, "काका, दिवाळीपर्यंत हे गवत कापू नका. आणि जरा हळू बोला."

पहिली गोष्ट देवीलालने लगेच कबूल केली.

बायकोने, रामीबाईने, दोन्ही ऐकल्या. "बैल घरचे, गवत घरचं, अन् मी नाल्यापलीकडून भारे आणून राह्यली! कायले? तर पाखराचं लगन जमलं पाह्यजे!"

"जमलं तर पिल्लं होतीन, अंजूची माय! आपल्या वावरात!"

नाल्यापलीकडून कुणीतरी ओरडून विचारलं, "पिल्लं कोनाले, देवीलालभाऊ?"

रविवारी अक्षयने पाहुणे आणले. मोठी शिस्तीची माणसं. खोकला आला तरी रुमालात गुंडाळत होती. देवीलाल काठी घेऊन बंदोबस्ताला उभा. तणमोर गवतातून सरळ वर उसळला, पंख फडफडवले, खाली पडला. पुन्हा उसळला. तेवढ्यात दोन पाहुणे कॅमेऱ्यावरून कुजबुजू लागले. देवीलालला हा बेजबाबदारपणा सहन झाला नाही.

"ओ भाऊ! गप बसा ना! पाखरू बिचकते!"

पाखरू बिचकलं. सोबत नाल्यावरचे बगळेही उडाले.

सोयाबीनमधलं तण निंदणं सोडून रामीबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "लई राखण केली, अंजूचे बाप. आता बगळे राखाले जा."

त्या दिवसापासून देवीलालने शेतात तोंड उघडलं नाही. रामरामही हातानेच. तांड्यात बातमी पसरली की त्याचा घसा गेला; सकाळ-संध्याकाळ कुणी ना कुणी हळदीचं दूध घेऊन शेतात यायचं. तो ते निमूट प्यायचा, कारण खरं कारण सांगायला बोलावं लागलं असतं.

तणमोर परतला. पुढच्या रविवारी पाहुण्यांना मनासारखे फोटो मिळाले. फोटोत पंख कसा उघडलाय यावर त्यांची परतीच्या वाटेवर चर्चा रंगली. अक्षय आभार मानायला मागे थांबला, तेव्हा देवीलाल पहिल्यांदा बोलला.

"भाऊ, याची मादी हाय का?"

"या हंगामात दिसली नाही, काका. पण ती लपूनच राहते. असेल, नसेलही."

"मंग आत जाऊन पाहू?"

"नको! असली तर अंड्यांवर पाय पडेल."

"बाहेरून दिसत नाही, अन् आत जाता येत नाही."

"हो."

"मंग मी गवत राखून राह्यलो ते कोनासाठी?"

अक्षयने चष्मा पुसला. पाहुण्यांनी रस्त्यावरून हाक मारली आणि तो गेला.

रामीबाई विळा घेऊन गवताच्या कडेला आली. एक पेंढी कापायला वाकली, थांबली, नवऱ्याकडे पाहिलं आणि विळा खांद्यावर टाकून नाल्याकडे निघाली.

देवीलाल धुऱ्यावर बसून राहिला. समोर तणमोर उसळत होता, पडत होता. त्याला आतापर्यंत अक्षयने पाहिलं, पाहुण्यांनी पाहिलं, त्यांच्या फोटोंत आता अख्खा जिल्हा पाहील. पण ज्या एकीसाठी तो इतका जीव तोडून उड्या मारतोय, तिनं पाह्यलं का त्याले?