गोदानातली फटफटी

आप्पांनी किक मारून गाडी सुरू केली, तरी ती लगेच निघायची नाही. आधी पुरुषसूक्त व्हायचं. एक हात हँडलवर ठेवून, डोळे मिटून आप्पा ते संथपणे म्हणत आणि मागे बसलेल्याने तोवर गप्प राहायचं. येणारे-जाणारे हात जोडत. सुरुवातीला मीही जोडले. मग आप्पांनीच माझ्या भ्रमाचा भोपळा फोडला. "अहो बँकवाले, ही भक्ती नाही, हे घड्याळ आहे. तेल खालून चढून इंजिनाच्या डोक्यापर्यंत पोचायला एवढा टाइम लागतो. त्याच्या आधी पळवली तर कोरडं लोखंड लोखंडावर घासतं. मग बसा रडत!"

नव्वदीच्या सुरुवातीला बँकेने माझी साताऱ्याहून बनारसला बदली केली. रामघाटाजवळच्या गल्लीत मला खोली मिळाली आणि शेजार मिळाला आप्पांचा. आप्पा अग्निहोत्री. घरात अखंड राखलेला अग्नी, आणि त्यात रोज सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला आहुती. आपण नसलो तर शिष्याकडून करवून घ्यायची सोय शास्त्रात आहे, पण आप्पांना ती सोय म्हणजे पळवाट वाटे. लग्नात अग्नी घेतला तेव्हापासून त्यांची एकही आहुती चुकली नव्हती. पोटासाठी मात्र गंगेपलीकडच्या गावांतून पूजा सांगत हिंडावं लागे. म्हणजे सकाळची आहुती देऊन निघायचं आणि सूर्य बुडायच्या आत घर गाठायचं. हे सगळं त्या म्हाताऱ्या फटफटीच्या जिवावर चालायचं.

ती फटफटीही दानातली. एका जमीनदार यजमानाने वडिलांच्या तेराव्याला गाय देण्याऐवजी आपली जुनी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल आप्पांच्या हातावर पाणी सोडून देऊन टाकली होती. आप्पा सर्वांना अभिमानाने सांगत, "ही माझी गाय. दूध देत नाही, पण वेळेवर घरी आणते."

वेळेवर आणायची, पण उन्हाळ्यात तिचा जीव जाई. लू, म्हणजे तिकडचा भाजणारा वारा, वाहायला लागली की इंजिन तापून धापा टाकायचं. लहुराबीरच्या मिस्त्रीने हात टेकले. "ई इंजन ह महाराज, जजमान ना ह, कि मंतर से मान जाई!" आप्पा ऐकून घेणाऱ्यातले नव्हतेच. त्यांनी तेलाचा पंप मोठा बसवून घेतला. मग ठठेरी बाजारात ज्याने त्यांची ताम्हनं घडवली होती, त्या कारागिरापुढे बसून तांब्याच्या नळीची वेटोळी वळवून घेतली आणि गाडीच्या पुढच्या बाजूला, थेट वाऱ्यात बांधली. इंजिनातून तापून आलेलं तेल त्या नळीतून फिरून, निवून परत तेलाच्या टाकीत जाई. मिस्त्री आधी पोट धरून हसला. त्या उन्हाळ्यात मात्र तो इतर गिऱ्हाइकांना आप्पांकडे पाठवू लागला.

निघण्यापूर्वी आप्पा तेलाच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकावत. तेलाची बारीक धार परत येताना दिसली की समाधानाने म्हणत, "होमात तुपाची धार तुटत नाही ना, तशी ही पण तुटायला नको." मी पण वाकून बघत असे. त्या काळ्या तेलात पाहण्यासारखं काय आहे, हे मला आप्पांच्या चेहऱ्याकडे बघूनच कळायचं.

एका वैशाखात चंदौलीकडच्या एका गावी वास्तुशांतीला मी त्यांच्याबरोबर गेलो. आमचं जेवण चाललं होतं आणि बाहेर घरातल्या बायका आप्पांच्या गाईची पूजा करत होत्या. गाय म्हणून सांगितलं होतं ना! त्यांनी इंजिनाला थंडावा म्हणून हळद-चंदनाचा जाड लेप थापला, वर झेंडूच्या माळा गुंडाळल्या. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्या माउल्या हात जोडून उभ्या होत्या. आप्पांना त्यांचं मन मोडवेना. माळा तेवढ्या त्यांनी काढून हँडलला बांधल्या आणि लेप वाटेत काढू म्हणून निघाले. पण गावाबाहेर पडेपर्यंत लेप भाजून विटेसारखा झाला होता आणि इंजिनाला वारा लागेना. थोड्याच वेळात इंजिन खडखडायला लागलं.

आप्पांनी गाडी एका कडुनिंबाखाली घेतली. मी विहिरीवरून बादलीभर पाणी आणलं.

"अहो थांबा! तापल्या लोखंडावर पाणी? तडकेल ते!"

मग त्यांनी निंबाची काडी मोडली आणि इंजिनाच्या पात्यांमधला लेप एकेक करून खरवडायला बसले. उन्हं उतरत होती. मला राहवेना. "आप्पा, हळूहळू चालवत जाऊ या. आहुती चुकेल."

"चुकेल," ते म्हणाले. "पण माझं व्रत राखायला हिचा जीव नाही घेणार मी."

आयुष्यभराचं व्रत सूर्याबरोबर खाली चाललं होतं आणि हा माणूस काडीने चंदन उकरत होता. इंजिनावर तळहात टेकवता येईपर्यंत त्यांनी किकला पाय लावला नाही. आणि सुरू झाल्यावर, तुम्हाला खरं वाटणार नाही, पुरुषसूक्त पूर्ण म्हटलं! मी मागे बसून मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होतो आणि त्यांच्या पाया पडत होतो.

राजघाटचा पूल ओलांडला तेव्हा सूर्य शहरामागे टेकलेला. गल्लीच्या तोंडाशी गाडी माझ्या हाती देऊन आप्पा धोतर खोचून धावत सुटले. मागून मी पोचलो तेव्हा आहुती पडत होती. आप्पांच्या पत्नी, काकू, शेजारी बसल्या होत्या. नंतर त्या मला म्हणाल्या, "मला बिलकुल फिकर नव्हती. गाडीचा आवाज आला, मी निखारे फुंकले."

पुढे माझी नाशिकला बदली झाली. काही वर्षांनी बनारसला गेलो तेव्हा काकू गेलेल्या होत्या. अग्निहोत्र दोघांचं असतं. बायको आधी गेली तर घरातल्या त्याच अग्नीने तिला निरोप द्यायचा आणि मग तो अग्नी संपतो. हे मला तिथे गेल्यावर कळलं. आप्पांनी फटफटी बाहेर काढली. "चला, फिरून येऊ," म्हणाले.

आम्ही गंगेपलीकडे एका यजमानाच्या शेतावर गेलो. गप्पांत दुपार सरली, सावल्या लांबल्या. जुन्या सवयीने मी उठलोच. "आप्पा, निघायला हवं."

"बसा हो बँकवाले," ते म्हणाले. "आता कशाची घाई?"

मी खाली बसलो, तेव्हा डोळे भरून आले होते. समोर शेतापलीकडे सूर्य बुडायला लागला. तो टेकला तसा आप्पांचा उजवा हात, आहुती द्यायला उचलावा तसा मांडीवरून उचलला गेला. क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून खाली ठेवला.