सुधाकाकूंच्या कठड्यावरचा पाइप

माझ्या नवऱ्याला, रोशनला, वाकडं काही खपत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिरपं दिसलं तर तो भरल्या ताटावरून उठतो. लोकांच्या स्लॅबवर सोलर बसलं की तिथून खाली मीटरपर्यंत वायर न्यायला पाइप लागतो, तो ठोकणं हे त्याचं काम. आधी सूत मारणार, एक डोळा मिटून पाहणार, पुन्हा सूत मारणार. वर कोण पाहायला जातं, असं विचारलं की म्हणतो, "मी जातो ना!" अशा माणसाशी संसार म्हणजे रोजची परीक्षा.

यंदाच्या उन्हाळ्यात आर्वीतल्या एका गल्लीचं काम त्याच्या ठेकेदाराला, ओमप्रकाशला, मिळालं. आम्ही राहतो आष्टीकडे. आर्वीचं काम म्हणजे नवरा रात्री जेवायला घरी, म्हणून मी खूश होते. पहिलंच घर बंडोपंतांचं, रिटायर्ड हेडक्लार्क. त्यांच्या आणि शेजारच्या अण्णाजींच्या स्लॅबमध्ये मांडीइतका कठडा. रोशननं त्याच्या आतल्या अंगानं सरळसोट पाइप नेला आणि फोटो काढून मला दाखवला. लग्नाचे फोटोसुद्धा त्यानं कधी इतक्या कौतुकानं दाखवले नाहीत.

आठवडा झाला नाही तोच बंडोपंतांचा फोन. पाइप मधोमध तुटला. रोशननं जाऊन बदलला. पुन्हा तुटला, त्याच जागी. बंडोपंत म्हणाले, "माकडं असतील." त्यांच्या पत्नी, सुधाकाकू, लगेच म्हणाल्या, "माकडंच! फार झालीत यंदा." रोशननं पाइप धरणारे सॅडल दुप्पट ठोकले. तरी तुटला. ओमप्रकाश भडकला. "आता एक जरी तक्रार आली तर गल्लीतलं काम दुसऱ्याले देतो. तू हिंगणघाटले जाजो आन् तिथंच राहाजो."

त्या रात्री रोशननं जेवणही धड केलं नाही. "एवढा स्लॅब पडला हाय, माकडाले नेमका माह्याच पाइप काऊन दिसते?" सकाळच्या पहिल्या एसटीनं तो काठी घेऊन गेला, बाहेरच्या जिन्यानं वर चढला आणि पाण्याच्या टाकीमागे दडून बसला.

बंडोपंत फिरायला गेले. अण्णाजी वावरात गेले. मग माकड आलं. ते माकड म्हणजे सुधाकाकू! पदर खोचलेला, काखेत कुरड्यांचा साचा, एक पाय पाइपावर. पलीकडून अण्णाजींच्या कोकिळाबाईंनी हात दिला आणि काकू कठडा ओलांडून गेल्या. पाइप कडकन वाजला. पलीकडे विटांच्या चुलीवर चीक शिजत होता. कुरड्या काही एकटीच्या हातानं होत नाहीत. एकीनं घाटायचं, दुसरीनं गरम असतानाच दाबायचं.

या दोघींचे नवरे पन्हाळीच्या पाण्यावरून भांडलेले. पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली, तरी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. फाटकातून जावं तर सगळी गल्ली पाहते. म्हणून बायांनी वरची वाट धरलेली.

रोशन काठी घेऊन उभा राहिला, तेव्हा काकूंच्या हातून साचाच पडला.

"गुडघे वर जात नाहीत रे आता," त्या म्हणाल्या. "तू पाइप लावलास, तर मला वाटलं, चला, पाय ठेवायला झालं. यांना सांगू नकोस. कठडा डोक्याइतका बांधून टाकतील."

रोशन काठी तिथंच टाकून खाली उतरला. बाजारातून सिमेंट आणलं. त्या जागी पाइप कठड्यावरून काढून खाली स्लॅबवर उतरवला, बेंडवर बेंड टाकून, वळणं देत पुढे पुन्हा वर नेला, आणि वरून सिमेंटचा जाड थर दिला, पायरीएवढा. संध्याकाळी बंडोपंत वर आले आणि पाहताच त्यांनी ओमप्रकाशला फोन लावला. काम वाकडं आहे म्हणून.

"माहीच चूक हाय," रोशननं ओमप्रकाशला सांगितलं. "सॅडल ढिल्ले बसले होते."

मी घरी आकाशपाताळ एक केलं. "खरं सांगाले काय झालतं तुले? मजा त्याईची आन् सजा आपल्याले?"

"सांगतलं असतं त पाइप सरळ राह्यला असता," तो बॅग भरता भरता म्हणाला. "आन् कठडा उंच झाला असता."

तो हिंगणघाटला गेला. ताटावर एकटी बसून बसून माझं डोकं फिरलं. नवऱ्यानं महात्मा व्हावं आणि बायकोनं उपास करावा, हे मला मान्य नाही. एका सकाळी मी सरळ आर्वी गाठली. बंडोपंतांना सगळं सांगायचं, ओमप्रकाशला फोन लावायला लावायचं आणि नवरा परत आणायचा, असं ठरवूनच गेले.

रोशनची बायको म्हणताच बंडोपंत मला तणतणत वर घेऊन गेले. "बघा, बघा काय करून ठेवलंय! असं काम असतं का?"

समोर सुधाकाकू कुरड्या उलटत होत्या. मला पाहून त्यांचा हात थांबला. पलीकडे कोकिळाबाई दोरीवर कपडे घालता घालता तशाच उभ्या राहिल्या. दोघींमध्ये तो कठडा आणि ती सिमेंटची पायरी. पायरीवर पिठानं माखलेल्या पावलाचा ओला ठसा होता. बंडोपंतांना तो रोज दिसत असणार, पण त्यांचं सगळं लक्ष वाकड्या पाइपावर.

माझ्या तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. असा संताप आला होता, नवऱ्याचा, म्हाताऱ्याचा, त्या दोघींचा.

"वाकडंच हाय काका," मी म्हटलं. "त्याचा हातच तसा हाय."