पहिलीच्या वर्गासाठी दहा आवाज

टेप आमचाच होता. नवऱ्याने रिटायर व्हायच्या आधी घेतलेला, रेडिओ आणि कॅसेट एकात, मागे सहा जाडे सेल लागायचे. नवरा गेल्यावर तो कपाटावर पडून होता. जयंतीला खाली उतरायचा, दोन दिवस गाणी वाजवायचा आणि परत वर जायचा. त्यात आवाज भरताही येतो हे मला माहीत होतं. पण आमच्या घरातलं काही भरून ठेवावं असं कुणाला कधी वाटलं नव्हतं.

नात तेव्हा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. म्हणजे प्राथमिक शाळेची बाई व्हायचं शिक्षण. कॉलेज अंबरनाथ पश्चिमेला. शिकवायचा सराव करायला त्या मुलींना जवळच्या शाळांत पाठवायचे, आणि हिला आमच्याच वस्तीतली, कॅम्प चारमधली, पालिकेची शाळा मिळाली होती. समोर पहिलीची पोरं, मागच्या बाकावर कॉलेजची मॅडम वही घेऊन. पाठ संपला की मॅडम वहीत शेरा लिहायची. नातीचे दोन पाठ आधीच पडले होते. आवाज लहान आहे, फळ्याकडे तोंड करून बोलते, असा शेरा. अजून पडले असते तर वर्ष गेलं असतं. आणि वर्ष गेलं तर घरी बस, असं तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, जेवताना बोलून बसला होता. तो एकदा बोलला की फिरवत नाही.

घरी बसायचं म्हणजे माझ्यासमोर बसायचं. मी जीन्सचे धागे कापायचे. मागच्या गल्लीत शिलाईचे कारखाने, तिथून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे सकाळी टेंपोने यायचे. आम्ही बायका घरात बसून लोंबणारे धागे कापायचो आणि संध्याकाळी गठ्ठा परत जायचा. त्याला बोटात धरायची छोटी कैची असते, आम्ही तिला कटर म्हणतो. दिवसभर कच कच कच. कपड्याचा निळा रंग नखांत जायचा तो भात कालवतानाही दिसायचा. मुलगा आणि सून अंबरनाथला कंपनीत पॅकिंगला जायचे, सातला बाहेर. घरात मी, गठ्ठा, आणि कॉलेजला जाईपर्यंत ती.

मॅडमने तिला तिसऱ्या पाठाला 'आवाज ओळखा' दिलं. विद्यार्थ्याच्या दिवसातले दहा आवाज टेप करून आण, पोरांना ऐकव, पोरांनी ओळखायचे. मला वाटलं, सोपं आहे, हिला बोलायचंच नाही, टेप बोलेल.

तिने टेप पुसून खाली ठेवला, सेल घातले आणि लाल बटण दाबून घरभर फिरायला लागली.

"आजी, कटर थांबव ना पाच मिनिटं."

"का?"

"रेकॉर्ड होतंय."

"होऊ दे. गठ्ठा संध्याकाळी द्यायचाय. तुझी मॅडम येणार आहे का कापायला?"

मग तिने ते वाजवून बघितलं. आधी माझी कच कच, मग मॅडम येणार आहे का, मग मागून कारखान्याच्या मशिनी, मग नळावरच्या दोघींचं भांडण. त्यातल्या एकीने दुसरीच्या सासूचं काय काय काढलं होतं ते साफ ऐकू येत होतं. तिने सगळं पुसलं. परत भरलं, परत तेच. तिसऱ्यांदा टेंपोवाल्याने हॉर्न दाबला आणि "माल उतरवा, माल" करून ओरडला.

"हा काय विद्यार्थ्याचा दिवस वाटतो का?" ती म्हणाली.

"मग तू कोण आहेस, हमाल?"

"पुस्तकात बघ ना जरा."

तिने पहिलीचं पुस्तक उघडून दाखवलं. टेबल, खुर्ची, भिंतीला घड्याळ, मुलाच्या हातात दुधाचा ग्लास. मी चौथी शिकले तेव्हाच्या पुस्तकातही हाच मुलगा होता. इतक्या वर्षांत त्याचं दूध काही संपलं नव्हतं.

तिने ठरवलं की आवाज कात्रपला जाऊन भरायचे. बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये माझी भाची राहते, बहिणीची मुलगी. तिचा नवरा ऑफिसात, फ्लॅट दोन खोल्यांचा आणि हॉल वेगळा, एक मुलगी इंग्रजी शाळेत. रविवारी आम्ही टेप पिशवीत घालून निघालो. मी कशाला गेले? टेप जड होता आणि हिला वाटत होतं की एकटीने कुणाच्या घरी आवाज मागायला जाणं बरं दिसत नाही. आवाज मागायला. मीठ मागायला जातात तसं.

भाचीच्या घरी आवाज होते, पण एकेकटे. एक संपला की दुसरा लागेपर्यंत बसून राहायचं. दारावरची बेल पाखरासारखी वाजायची. बाथरूमात वरून पाणी पडायचं तो फवारा. मिक्सर. मुलीचं गजराचं घड्याळ. कॉम्प्युटरची बटणं बडवणं. स्कूलबसचा हॉर्न रविवारी कुठून आणायचा, तर भाचीने खाली शेजाऱ्याला सांगून त्याच्या गाडीचा वाजवून घेतला. नात खूश. दर आवाजाला वहीत आकडा घालत होती.

मी सोफ्यावर बसले होते. हातात काम नव्हतं. पंखा फिरत होता. इतकं गप्प घर मी फक्त मयताच्या दुसऱ्या दिवशी बघितलेलं.

"मावशी, जरा पाय वर घेऊन टेका ना," भाची म्हणाली. "दमलेल्या दिसता."

"टेकले की झोप लागेल. मग घोरण्याचा आवाज भरेल ही, विद्यार्थ्याचा म्हणून."

भाची हसली. मग हळूच म्हणाली, "पास होईल ना ही?"

"टेप पास झाला तर होईल."

पाठाच्या दिवशी पण मी गेले. सकाळी लोडशेडिंग असायचं, सेल मध्येच बसले तर दुसरे सहा माझ्या पिशवीत होते. वर्गात मला बसू देईनात, मी व्हरांड्यात खिडकीखाली बसले. पायऱ्या चढून गुडघे गेले होते, जमीन गार होती, बरं वाटलं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

तिने पहिला आवाज लावला, पाखराची बेल.

"पोपट," पोरं म्हणाली.

"नाही. नीट ऐका. दारावर काय असतं?"

"पडदा."

दुसरा मिक्सर. एक म्हणाला गिरण, एक म्हणाला घासायची मशीन, आमच्या काकाच्या कारखान्यात आहे, त्याने चिंगाऱ्या उडतात. ती म्हणाली नाही, स्वयंपाकघरात असतं. मग सगळी गप्प. कॉम्प्युटरच्या बटणांना एकीने पाऊस म्हटलं, एकीने उंदीर. मग तिने फवारा लावला. पाणी पडायला लागलं आणि अख्खा वर्ग एकदम बोलायला लागला, "पाणी आला, बाई, पाणी आला." दोघं तर दाराकडे निघाले. त्यांना घरी जाऊन सांगायचं होतं. नातीने त्यांना हाताला धरून परत बसवलं. तिचा आवाज मला खिडकीतून ऐकू येईना इतका बारीक झाला होता.

शेरा तिने घरी येऊन वाचून दाखवला. 'साहित्याचा विद्यार्थ्यांच्या अनुभवविश्वाशी संबंध नाही. पाठ पुन्हा घ्यावा.' पुन्हा म्हणजे पुढच्या आठवड्यात, शेवटची संधी.

"अनुभवविश्व म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे त्यांनी जे बघितलंय ते."

"मग बरोबरच लिहिलंय बाईने."

ती जेवली नाही. माझ्यासमोर येऊन बसली, माझा दुसरा कटर घेतला आणि एक पँट ओढून धागे कापायला लागली. हात चांगला चालत होता. मी बघत होते. म्हणाली, "मी नाही देणार परत पाठ. पप्पांना सांग."

लोक म्हणतात म्हातारी माणसं अशा वेळी समजावतात. मी पहाटे साडेचारची उठलेली होते, माझी कंबर गेली होती, मला समजवायचं त्राण नव्हतं. एकच वाटलं, ही आता रोज इथे समोर बसणार. सकाळी उठून दोघींनी एकमेकींची तोंडं बघायची आणि मध्ये गठ्ठा. ते मला नको होतं. माझं झालं तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा ती झोपलेली होती. टेप तिने तसाच टाकला होता, कॅसेट आतच. लाल बटण आणि त्याच्या बाजूचं एकदम दाबायचं, एवढं मी बघून ठेवलं होतं. दाबलं. आधी विहारातून वंदना येत होती ती घेतली. मग टेप उचलून नळावर नेला. पाणी यायच्या आधी नळ खोकतो, हवा सोडतो, ते घेतलं, मग हंड्यात पहिली धार.

"काय आजी, आज नळावर डान्स आहे काय?" रांगेतली एक म्हणाली.

"आहे ना. तू नाच, मी भरून घेते."

"माझा नंबर दे मग, तुझा टेप पाणी थोडीच पितो."

तेही टेपवर गेलं. मग स्टोव्हला पंप मारताना. शेजारची पोरगी पाढे म्हणत आईच्या मशीनजवळ बसते, ती आई मशीन थांबवून "सात पंचे?" विचारते आणि परत चालवते, ते. टेंपोचा हॉर्न. टेंपोवाल्याचं "माल उतरवा". मग मी बसले आणि माझी कच कच भरली. पत्र्याचं कपाट शाळेत उघडताना किरकिरतं आणि खिचडीची थाळी फरशीवर घासत नेतात, ते शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून घेतलं. वॉचमनने विचारलं, अम्मा क्या कर रही हो. मी म्हटलं अभ्यास.

नातीने दुपारी ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मान खाली घालून.

"तुझा खोकला पण आलाय सगळीकडे."

"तो तुझ्या आधीपासून या घरात आहे."

"मॅडम हसेल, आजी."

"हसू दे. रडवून झालंय तिचं."

तिने टेप जवळ ओढला. मग वही काढली आणि पुढे मागे करत दहा आवाज निवडून लिहायला लागली. दुसरं काही तिच्याकडे नव्हतंच.

पुन्हा घेतलेल्या पाठालाही मी खिडकीखाली. यावेळी तिला काही सुचवावंच लागलं नाही. नळ खोकला तशी पोरं म्हणाली, "पाणी येतंय, अजून आलं नाही." स्टोव्ह ओळखला, हॉर्न ऐकून कुणाचा टेंपो ते नावानिशी सांगितलं. खिचडीच्या थाळीला सगळी हसली. पाढ्यांच्या मागची मशीन ऐकून एक म्हणाला, "ओव्हरलॉक नाय, साधी हाय." नात विचारायची, हे कोण करतं, केव्हा करतं, आणि हात वर. मध्ये तर ती मोठ्याने "एकेक जण" म्हणाली. असा आवाज तिला आहे हे मला माहीत नव्हतं.

मग कटर लागला. कच कच कच.

"धागे," सगळा वर्ग एका सुरात. कुणाला विचार करावा लागला नाही.

"कोण कापतं?"

"मम्मी. आजी. मी पण. बाई, मी पण."

मी उठून खिडकीतून बघितलं. बरीचशी पोरं दोन बोटं आणि अंगठा हवेत हलवत होती. पुढच्या बाकावर एक पोरगी, सहा वर्षांची असेल, दोन रिबिनी, हात वर करून उभी होती.

"बोल," नात म्हणाली.

"बाई, हिच्या कटरची धार गेली."

"तुला कसं कळलं?"

"दोनदा दाबते ना ती. एक धाग्याला दोनदा. बोट दुखतं मग."

मॅडम मागे हसली. चांगलं हसली, वाईट नव्हतं त्यात काही. नातही हसली. मी परत खाली बसले.

शेरा आला, 'उत्तम. विद्यार्थ्यांचा सहभाग लक्षणीय.' बाहेर येऊन नातीने मला वही दाखवली, मग टेप स्वतः उचलला, मला उचलू दिला नाही. रस्त्यात बोलत होती, मॅडमने हे विचारलं, मॅडम म्हणाली ही कॅसेट कॉलेजला ठेवू. रात्रीच्या भाजीला काय आणू, विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तू खूश नाहीस का?"

"पास झालीस ना. झालं."

"मग तोंड असं का?"

काय सांगणार? त्या पोरीच्या दोन रिबिनी माझ्या डोळ्यासमोर होत्या. बेल, मिक्सर, कॉम्प्युटर तिला ओळखता आले नव्हते, आणि कटरची धार तिने नुसत्या कानाने सांगितली होती. ती पण हुशारीच आहे म्हणा. एवढ्याशा पोरीत मला ती नको होती. पण हे नातीला तेव्हा सांगायचं नव्हतं, ती खूप दिवसांनी मान वर करून चालत होती.

"गुडघे दुखतायत," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

घरी गठ्ठा पडला होता, सकाळचा, अर्धा पण झालेला नव्हता. नात कपडे बदलून पाठाची वही घेऊन खिडकीत बसली, बापाला दाखवायला पान उघडं ठेवून. मी पँट मांडीवर घेतली. कटर उचलला आणि आधी पात्यावरून अंगठा फिरवून बघितला. पोरगी बरोबर बोलली होती.