कमिशनरबाई आणि मामांची घट्ट काजं

कमिशनरबाईंनी मला पहिल्या भेटीतच अटक केली. गुन्हा म्हणावा असं मी काहीच केलं नव्हतं. मामांच्या तोंडाशी सूपचा चमचा नेत होतो, एवढंच. तेवढ्यात मागून आवाज आला, "हात मागे!" आणि तो आवाज असा होता, की चमच्यातलं सूप आपणहून वाडग्यात परत गेलं, खिडकीवरची कबुतरं कायमची गाव सोडून गेली, भिंतीवरचं घड्याळ दचकून पुढे पळालं आणि वर्षभर अंथरुणाला खिळलेले एक गृहस्थ ताडकन उठून बसले, असं सांगतात. सांगतात म्हणजे मीच सांगतो. माझे हात मात्र खरोखरच मागे गेले. शाळा सोडल्यापासून ते इतक्या तातडीने कुठेच गेले नव्हते.

मी वळून पाहिलं. आवाजाच्या हिशेबाने समोर सहा फुटी, पैलवानी मनगटांची बाई असायला हवी होती. समोर कोणीच नव्हतं. मग नजर बरीच खाली आणली तेव्हा एक पांढरी टोपी दिसली. टोपीखाली गोल चेहरा, चेहऱ्याखाली उलटं टांगलेलं घड्याळ, आणि त्याखाली दोन खिसे. एका खिशात कात्री, थर्मामीटर आणि चिकटपट्टी, दुसऱ्यात पेपरमिंटच्या गोळ्या. बाई एवढ्यातच संपत होत्या.

"कोण तुम्ही?"

"मी... भाचा."

"मास्तरांना हात किती?"

"दोन."

"एक चालतो, दुसरा शिकतोय. तुम्ही भरवायला लागलात तर दोघंही रजेवर जातील. द्या चमचा त्यांच्याकडे."

मामांनी चमचा घेतला. अर्धं सूप तोंडात गेलं, अर्धं छातीवर. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना इतके दिवस उपाशी ठेवलं होतं.

आमचे मामा शिंपी, म्हणून सगळ्यांचे 'मास्तर'. त्यांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या अंगाला कपडे बसवण्यात घालवला आणि मग एका सकाळी अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू बसवली. दवाखान्यातून ते या शुश्रूषागृहात आले. चार खाटांची खोली, खाटांभोवती हिरवे पडदे, भिंतीला धरून चालायचा कठडा, आणि जिकडेतिकडे जंतुनाशकाचा वास. मामांचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना उभा. मामीचे गुडघे आणि बोटं संधिवाताने धरलेली. त्यामुळे डॉक्टरांनी साफ सांगून टाकलं होतं. खाटेवरून उठणं, वॉकर धरून मोरीपर्यंत जाणं, कठडा धरून जिना चढणं आणि आपले कपडे आपण घालणं, हे स्वतःचं स्वतः जमलं तर मामा घरी जातील. नाही जमलं तर ही खाट कायमची. माझी मामेबहीण, म्हणजे मामांची लेक, कायमच्या खोलीची चौकशी हळू आवाजात करू लागली होती. तिचंही चुकत नव्हतं. पण मामांना ते ऐकू जायचं आणि त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

'कमिशनर' हे नाव बाईंना शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी दिलं होतं. हे आजोबा हयातभर बसस्थानकावर माईकवरून गाड्यांच्या घोषणा देत होते. नोकरी सुटली, पण माईक सुटला नाही. रिकामी मूठ तोंडासमोर धरून ते बोलायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कमिशनरबाई गोळ्यांची गाडी घेऊन फलाट क्रमांक दोनवर येत आहेत. कडू गोळीच्या प्रवाशांनी तोंडं उघडी ठेवावीत."

बाई हसायच्या नाहीत. "आजोबा, सकाळी पोट साफ झालं का?" असं त्या भेटायला आलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर खणखणीत आवाजात विचारायच्या. घोषणा बंद.

त्यांचा कारभारच तसा होता. जगात कोणाचं काय चाललंय यापेक्षा कोणाचं पोट कसं चाललंय याची त्यांना जास्त चिंता. पण याच बाई पडद्याआड कोणी कपडे बदलत असेल तर बाहेर उभ्या राहून तोंडाने "टकटक" म्हणायच्या. पडद्याला कडी नसते ना, म्हणून. आतून "या" आल्याशिवाय पाऊल आत टाकायच्या नाहीत. डॉक्टर तसेच घुसायला लागले तर त्यांनाही थांबवून "टकटक म्हणा" म्हणायच्या, आणि डॉक्टर म्हणायचे.

'हात मागे' हा त्यांचा मुख्य कायदा. पेशंटला जे करता येतं, हळू का होईना, अर्धंमुर्धं का होईना, ते दुसऱ्या कोणी करायचं नाही. नातेवाइकांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि बघायचं. भेटीच्या वेळी आमचं अख्खं खानदान मामांच्या खाटेभोवती असं उभं असायचं, की वाटेने जाणाऱ्याला वाटावं, सगळी टोळी एकदम पकडली. मध्ये मामा खुर्चीच्या कडेला सरकतायत, पाय मागे घेतायत, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे आणतायत, कारण बाईंच्या मते माणूस पायांनी उठतच नाही, नाकाने उठतो. "नाक पुढे, मास्तर! अजून! आता उठा!" आणि मामा उठायचे. मामीचा श्वास तेवढा वेळ बंद असायचा. मामा बसले की तो सुटायचा.

एकदा दुपारी पाणी मागायला गेलो, तर बाई चादरींच्या खोलीत धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर पाय सोडून बसलेल्या दिसल्या. त्या दिवशी दोन आया आल्या नव्हत्या आणि सगळ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांची कूस बदलण्याचं काम बाईंच्याच पाठीवर आलं होतं.

"भरवून मोकळं झालं तर तुमचं काम लवकर नाही का उरकणार?" मी धीर करून विचारलं.

"उरकेल की. माझं काम उरकेल आणि त्यांचा हातही उरकेल." त्यांनी मला एक पेपरमिंट दिलं. "अहो भाचेबुवा, सगळ्यात जास्त माझेच हात शिवशिवतात. मागे का बांधते वाटलं? एकाला दुसऱ्याने धरून ठेवावं लागतं."

एवढं बोलून त्या उठल्या, कारण बाहेर घंटी वाजली होती. त्या कधीच पाच मिनिटं सलग बसल्या नाहीत, आणि बसल्या असत्या तर आम्हीच घाबरून डॉक्टरांना बोलावलं असतं.

त्यांचे यजमान संध्याकाळी स्कूटर घेऊन फाटकाशी उभे असायचे. घड्याळं दुरुस्त करणारा शांत माणूस. ते मला म्हणाले, "लग्न झाल्यावर वर्षभर मी समजत होतो, हिला स्वयंपाक येत नाही. मी चुलीशी धडपडायचो आणि ही मागे हात बांधून उभी. मग एकदा पाहुणे आले आणि हिने एकटीने पंधरा माणसांचं जेवण रांधलं! मी म्हटलं, अगं, हे काय? तर म्हणते, तुमचा हात बसत होता, मध्ये कशाला पडू?"

तर मामांचं उठणं जमलं, चालणं जमलं, जिनाही जमला. अडलं ते शर्टाशी.

बाईंनी आधीच सोपा मार्ग सुचवला होता, बटणांच्या जागी वेल्क्रोची पट्टी लावायची. मामा भडकले. "चर्रकन फाडून उघडायला मी काय पाकीट आहे?"

"मग बटणं. पण लावायची तुम्ही."

"लावीन! बटणं लावणं माझा धंदा आहे!"

आता खरी गंमत पुढेच. मामांचे शर्ट मामांनीच शिवलेले. आणि मामांच्या काजांची ख्याती पंचक्रोशीत. "माझ्या काजातून बटण सुटलं तर मी दुकान बंद करीन," असं ते गिऱ्हाइकाला छातीठोक सांगायचे. काज म्हणजे इतकं घट्ट, की बटण आत घालायला धडधाकट माणसालाही मन वळवावं लागे. बटणं सुटली नाहीत, दुकान चाललं. आणि आता तीच काजं, त्यांच्याच छातीवर, त्यांच्याच बोटांशी वैर धरून बसली होती.

"काजं जरा मोठी करून घ्या ना," मी म्हणालो.

"मोठी? ती काय गटाराची तोंडं आहेत?"

रोज सकाळी सराव. दुबळा हात आधी बाहीत, मग धड हात. मग बटणं. आजोबांची घोषणा, "पहिलं बटण वेळेवर सुटलं आहे. दुसरं बटण तांत्रिक कारणामुळे उशिरा धावत आहे. तिसऱ्याची चौकशी खिडकीवर करावी." मामा घामाघूम व्हायचे, शिव्या घालायचे, आणि जेवणाची वेळ होईस्तोवर कसेबसे पोटापर्यंत पोहोचायचे. बाई दर वेळी जाता येता थांबायच्या, हात मागे, आणि म्हणायच्या, "काल बरगडीशी थांबला होतात."

शेवटी डॉक्टरांनी दिवस ठरवला. जमलं तर सामान बांधा, नाही तर कायमच्या खोलीच्या कागदावर सही.

त्या दिवशी आम्ही सगळे हजर. डॉक्टर घाईत होते, खाली आणखी पेशंट खोळंबलेले. मामांनी शर्ट घेतला, बाही घातली, धड हाताने दुसरी ओढून घेतली आणि पहिलं बटण धरलं. बटण गेलं. दुसरं गेलं. तिसरं, चौथं, सटासट. आजोबांची मूठ तोंडाशी नेलेली तशीच राहिली. घोषणा देण्याआधीच गाडी निघून गेली होती!

"वा! उत्तम!" डॉक्टर म्हणाले. "झालं की. घरी जा, मास्तर."

माझ्या मामेबहिणीच्या डोळ्यांत पाणी. मामी तर पदराने तोंड पुसायला लागली. मामा मात्र हलले नाहीत. त्यांनी खोल श्वास घेतला. आणि श्वास घेताच शर्ट वरपासून खालपर्यंत आपोआप उघडला.

मामांनी बोटाने एक काज चाचपलं. मग दुसरं.

"माझ्या काजांना ब्लेड कोणी लावलं?"

मामी पदरातून म्हणाली, "अहो... जरासंच."

"जरासं? यातून मांजर जाईल!"

"मला तुम्ही घरी हवे होतात," मामी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मामा आवाज खाली आणून म्हणाले, "येतो ना. पण हा शर्ट घालून नाही. अगं, लोक म्हणतील, शिंप्याची काजं बघा. तो निळा काढ."

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "मी हो म्हटलंय. उगाच कशाला? नाही जमलं तर मला हो म्हणता येणार नाही."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना मामांनी घरी जायला हवं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. एक शब्द बोलल्या असत्या तर मामा गप्प बसले असते. त्यांनी मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मामीला म्हणाल्या, "द्या निळा."

निळ्या शर्टाला ब्लेडचं नख लागलेलं नव्हतं. पहिलं बटण मामांनी दातओठ खाऊन दाबलं. गेलं. दुसरं अडलं, निसटलं, पुन्हा धरलं, गेलं. "दुसरं बटण... फलाटावर... येत आहे," आजोबा कुजबुजले. माईकवरचा माणूस कुजबुजतो तेव्हा परिस्थिती समजून घ्यावी. तिसरं गेलं. चौथं गेलं. आमच्या सगळ्यांचे हात पाठीमागे एकमेकांना चिमटे काढत होते. खालून डॉक्टरांना दोनदा बोलावणं आलं. उरलं शेवटचं, पोटावरचं. ते काजाच्या तोंडाशी आलं, अर्धं आत गेलं, आणि तिथेच अडकून बसलं. मामांच्या कपाळावरून घाम नाकावर, नाकावरून शर्टावर.

डॉक्टर भला माणूस. त्यांना राहवलं नाही. त्यांनी नुसतं एक बोट पुढे केलं.

"हात मागे!"

खिडकीची काच थरथरली, ही अतिशयोक्ती नाही, काच सैलच होती. डॉक्टरांचे दोन्ही हात मागे गेले, आणि त्यातल्या एका हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायलाही कोणी वाकलं नाही.

मामांनी अंगठा टेकवला. दाबला. बटण आत गेलं.

पुढे काय झालं ते नीट सांगता येत नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. आजोबा मुठीत ओरडत होते की गाडी पोहोचली, गाडी पोहोचली, आणि प्रवाशांनी आपापलं सामान घ्यावं. मामी मामांच्या गळ्यात पडायला पुढे झाली आणि बाईंनी तिला वाटेत थोपवलं, "डाव्या बाजूने या, उजवा खांदा दुखतो त्यांचा." डॉक्टरांनी पेन शोधून सही केली. मामांनी त्यांना जवळ बोलावलं, त्यांच्या पांढऱ्या कोटाचं काज दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाले, "कोणी शिवलाय हा? बरं झालं तुम्ही सर्जन नाही."

बाई तेव्हाही हसल्या नाहीत. नंतर कळलं की चादरींच्या खोलीत जाऊन बराच वेळ हसल्या, आणि एका आयाने ते ऐकून पळत येऊन विचारलं की सिस्टर, कोणाला काही झालं का.

मामा त्याच दिवशी घरी गेले. दुसऱ्या मजल्यावर, कठडा धरून, नाक पुढे. पुढच्याच आठवड्यात लेकीने त्यांना अर्धा डझन टी-शर्ट आणून दिले. मामांना ते फार आवडले. आता ते तेच घालतात.